हाकिमांकडचा माका

"शब्दाचं मूळ सापडलं की झाडाचं मूळ आपोआप हाती येतं!" माधव दातारनं शनिवारी सकाळी चहाचा कप हवेत नाचवत जाहीर केलं आणि तिथंच घोटाळ्याला सुरुवात झाली.

माधव रेल्वेत इंजिनिअर. चारबागजवळच्या क्वार्टरमध्ये राहायचा. रूळ जोडणं ही नोकरी, शब्दांची नाती जोडणं हा खरा उद्योग! बायकोचे, उल्काचे, केस लखनौच्या पाण्यानं मोराच्या पिसांसारखे झडत होते. म्हणून सासूबाई, माणिकताई, साताऱ्याहून खास तेल करायला आल्या होत्या. फक्त ताजा माका तेवढा मिळत नव्हता आणि उद्या त्यांची परतीची गाडी.

"इथं माक्याला म्हणतात तरी काय?" उल्कानं विचारलं.

"संस्कृत मार्कवचा मराठीत माका झाला, एवढं मला ठाऊक आहे. पुढचं चौकातला हाकिम सांगेल."

"हकीम म्हण रे!"

"हकीम हे बोली रूप! मूळ शब्द हाकिम. हुकूम, हिकमत, हाकिम, सगळे एकाच घरचे!"

घर एकच, हे खरं. पण त्यातला हकीम नाडी बघतो आणि हाकिम हुकूम सोडतो, हे माधवच्या गावीही नव्हतं!

चौकात "हाकिम साहब के यहाँ चलो" म्हणताच रिक्षावाल्यानं अदबीनं मान लववली आणि त्याला थेट निवृत्त तहसीलदार रिझवीसाहेबांच्या दारात नेऊन उतरवलं.

माधवनं बसल्याबसल्या मनगट पुढे केलं. रिझवीसाहेबांनी ते दोन्ही हातांत घेऊन प्रेमानं गदागदा हलवलं. काय ही नाडीपरीक्षा! माधव भारावला.

"फ़रमाइए, क्या ख़िदमत करें?"

"माका चाहिए, हाकिम साहब. ताज़ा. जड़ समेत!"

"मक्का? जड़ समेत?" साहेब बुचकळ्यात पडले. पण शहराबाहेर बख्शी का तालाब गावी त्यांची शेती होती आणि दारी आलेल्याला नाही म्हणायला त्यांची जीभच रेटत नसे. "और कुछ?"

"बस, बालों का मसला है."

कणसाच्या केसांचा काढा मूतखड्यावर देतात, असं साहेबांनी ऐकलेलं होतं. त्यांचा चेहरा कळवळला. "अच्छा, तो बाल चाहिए! तकलीफ़ बहुत है?"

"बहुत! रोज़ सुबह मुट्ठी भर निकलते हैं!"

"मुट्ठी भर!" साहेब ताडकन उभे राहिले. "आप पता दीजिए और घर जाकर लेट जाइए. शाम तक सब पहुँच जाएगा!"

संध्याकाळी क्वार्टरसमोर टेम्पो उभा राहिला. आत मक्याचं अख्खं शेत! मुळं, माती, कणसं, सोनेरी केस, सगळं जागच्या जागी.

"तहसीलदार साहब ने भेजा है," ड्रायव्हर म्हणाला. "पथरी वाले मरीज़ कहाँ हैं?"

"कुठले तहसीलदार? कसली पथरी?" उल्का ओरडली.

माधवच्या डोक्यात आता कुठं उजेड पडायला लागला. तेवढ्यात शेजारच्या मंजिरीवहिनी पिशवी घेऊन आल्या. "भावजी, कणसं कशी दिली?" मागोमाग निम्मी कॉलनी रांगेत!

गर्दीतून वाट काढत माणिकताई टेम्पोपाशी आल्या. त्यांनी मक्याचं एक ताट ओढून काढून वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जावईबापू, माझ्या तेलाचं काय?"

माधवनं हातातलं कणीस उलटसुलट फिरवलं. "आई, तसं बघितलं तर... मक्याचंही तेल निघतं."

"निघतं ना? मग आधी तुमच्याच डोक्याला चोळू," माणिकताई पदर खोचत म्हणाल्या. "केसांना लागेलच, थोडं आत झिरपलं तर तेही बरंच!"