निळोपंतांनी जिलबी टाकिली त्याची हकीकत

श्रीगणरायास वंदून, आणि लक्ष्मी एके घरी फार थांबत नाही हे ध्यानी ठेवून लिहितो, की शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, एका राज्यात निळोपंत टांकसाळे थोरल्या खजिन्याचे नायब होते. तरुणपणी नाणी वाजवून पारखण्याच्या चाकरीस लागले, आणि चढत चढत व्याजाचा दर ठरविणाऱ्या पंचांत बसते जाहले, आणि सरखजिनदारी आता त्यांसच मिळणार ऐसे सर्व बोलू लागले. तेथील रिवाज ऐसा, की दर जाहीर होण्याआधी आठवडाभर पंचांनी मौन धरावे, कोणास सुगावा लागू देऊ नये. म्हणून बाजारचे लोक पंचांची पगडी पाहत, चाल पाहत, खोकल्याचाही अर्थ लावीत. त्या आठवड्यात पंत भाचीच्या लग्नास गेले, आणि दाढ ठणकत होती म्हणून पानातील जिलबी तशीच टाकून उठले. शेजारी कापडाचे व्यापारी जेवत होते. ते म्हणाले, "पंतांनी गोड टाकिले. दर चढतो बघा." मग सांजेपर्यंत पेठ हादरली, सावकारांनी हात आखडले, कोणी कर्ज देईना, आणि हुजुरांचे बोलावणे आले.

निघताना बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, दाढ दुखते एवढे सांगायला काय जाते? वैद्यबुवा साक्षीला आहेत." पंतांनी गालात लवंग धरिली, आणि पगडी चढविली. पंचांनी दर चढविणे आधीच मुक्रर केले होते, ते त्यांच्या मनी होते.

महाराज म्हणाले, "पंत, सरखजिनदारीची वस्त्रे शिवून तयार आहेत. दाढेचे वैद्यबुवांकडून कळले, तेच चारचौघांत सांगा, पेठ शांत होईल."

"दाढ दुखते हे खरे, महाराज. परंतु मी ते सांगितले तर लोक त्यावरून दराचा अर्थ लावतील, आणि त्या भरवशावर कर्जे काढतील. मग ते मी दराविषयी बोलल्यासारखेच."

"म्हणजे तुमची दाढही आता खजिन्याची?"

"मौन सुटेपर्यंत खजिन्याचीच."

दरबारी हसले, महाराज हसले नाहीत. मग वस्त्रे पंचांतल्याच राघोजी सबनिसांस मिळाली, ते आठवडाभर चौकात बसून लाडू खात होते. पुढे दर चढला, तेव्हा पेठ म्हणाली, पंतांनी व्यापाऱ्यांस जिलबीची खूण केली होती. हा डाग घेऊन पंत चाकरीतून उतरले, आणि दाढ काढविली.

मग एके सकाळी ते हलवायापाशी उभे राहून जिलबी खात होते. अर्धी खाऊन सवयीने आजूबाजूस पाहिले. कोणी पाहत नव्हते.

"पंत, आणखी देऊ?" हलवाई म्हणाला.

पंतांनी थोडा विचार केला, आणि पान पुढे धरिले.

ऐसे निळोपंतांचे वर्तमान. दाढ गेली, सरखजिनदारी गेली, आणि मौन शेवटपर्यंत राखिले. जाणत्यांनी न्यून ते पुरते करून घ्यावे.