पाह्यलं कोनं?

आमच्या गुलाबमामाला कुणी काहीही सांगितलं, की तो आधी विचारतो, "पाह्यलं कोनं?"

अमक्याचा पोरगा पास झाला. "पाह्यलं कोनं?" अकोल्यात पाऊस पडून राहिला. "पाह्यलं कोनं?" एकदा तो आमच्याकडे असताना मिक्सरचं भांडं फुटलं, तर त्यानं मला, बायकोला आणि दारात आलेल्या दूधवाल्याला ओट्यापाशी उभं करून रीतसर पंचनामा केला. दूधवाला म्हणाला, मी तर आत्ताच आलो. त्याला साक्षीतून वगळलं. त्याच्या पाठोपाठ मलाही. "हा तं तवा झोपला होता. याचं काई खरं नाई." खरंच झोपलो होतो.

मामाचं गाव तेल्हाऱ्याकडं, नाल्याकाठी. अतिवृष्टीत नाला शेतातूनच वाहिला. कपाशी आडवी झाली आणि मामाची ढवयी वाहून गेली. ढवयी म्हणजे त्याची पांढरी गाय. मामीनं माहेराहून आणलेल्या गायीची लेक. मामी वारल्यापासून मामा मनातलं बोलायचा ते ढवयीशीच. तिनं हंबरून काही सांगितलं, तर तिला मात्र कधी "पाह्यलं कोनं" विचारायचा नाही. तिच्यावर त्याचा विश्वास होता.

सरकारी मदतीच्या पंचनाम्याला तलाठीबाई आल्या. पिकाचं झटकन उरकलं. गायीपाशी गाडी अडली. बाईंनी लिहिलं होतं, 'पुरात मृत'.

"वाहून गेली लिहा ना बाई. मेली कावून लिहिता?"

"मामाजी, मृत लिहिल्याशिवाय गाईची मदत नाही मिळत."

"पन मेली, हे पाह्यलं कोनं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शिकलेला भाचा समजावेल, म्हणून शेजाऱ्यांनी मला मुद्दाम अकोल्याहून बोलावलं होतं. मी घसा साफ केला. नियम सांगितला, व्यवहार सांगितला, त्या पैशात नवी गाय येईल हेही सांगितलं. मामानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बापू, तू होता काय तिथी?"

"नव्हतो."

"मंग? तू तं मिक्सर फुटला तवाई झोपला होता."

पंचमंडळी हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी 'मृत' खोडून 'वाहून गेली' लिहिलं. गायीची मदत तिथंच संपली.

दिवाळीनंतर गेलो, तेव्हा पिकाची मदत खात्यात जमा झाली होती. मामानं त्यातून सगळ्यात आधी सरकीच्या ढेपेचं, म्हणजे पेंडीचं, पोतं आणलं होतं. ते रिकाम्या गोठ्यात भिंतीला टेकून बसलं होतं, पाहुण्यासारखं.

दिवस मावळला. काळ्या रानावर धुकं उतरलं, तशी नाल्यापलीकडची झाडं बुंधे सोडून नुसती वर तरंगायला लागली. मामानं घमेल्यात ढेप भिजवली, गव्हाणीत ठेवली. मग फाटकाची कडी काढून ते अर्धवट उघडलं आणि तिथंच उभा राहिला. मीही शेजारी जाऊन उभा राहिलो. भिजल्या ढेपेचा वास येत होता. कुठं काही आवाज नव्हता.

धुक्यात काहीतरी पांढरं हललं. बगळे असतील. धुकंच असेल.

मामानं माझ्याकडं पाहिलं. विचारलं काहीच नाही.

"पाह्यलं," मी म्हणालो. "म्या पाह्यलं, मामा."

तो पुढं झाला आणि अर्धवट उघडं फाटक त्यानं पुरतं उघडलं.