केसावर चालणारा काटा

आमच्या पाऱ्यात कोणाकडे नवी सून आली की वानखेडे काका तिचा चेहरा पाहत नाहीत, वेणी पाहतात. "डाय लावतेस? मेंदी?" बिचारी घाबरून सासूमागे लपते.

पारा म्हणजे इकडे रायपुरात मोहल्ला. काकांच्या हवेचा ओलावा सांगणाऱ्या यंत्रात मात्र पारा नाही, केस आहे. रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यांनी मिठाईच्या डब्यात काकूंचा एक लांब केस ताणून बसवला आणि त्याला काटा जोडला. हवेत ओलावा वाढला की केस लांबतो, हवा कोरडी झाली की आखडतो, आणि काटा तसा सरकतो. आम्हा बायकांचे पापड या काट्यावर चालायचे. मी परात घेऊन गच्चीकडे निघाले की खालून आवाज यायचा, "काहून निघाली? थांब. हवा ओली होऊन राहिली." मी मनात शिव्या घालायची आणि दुपारी ढग आले की परत घ्यायची.

"आमच्या घरचा केस आहे," काका सांगायचे, "खोटं बोलत नाही."

मग काकूंना कॅन्सर निघाला. औषधांनी केस गेले. त्याच उन्हाळ्यात डब्यातला केसही तुटला आणि काटा लोंबत राहिला.

आम्ही सगळ्यांनी केस देऊ केले. माझ्या पोट्टीचा केस काकांनी उजेडात धरला. "शॅम्पूचा आहे. खोटं बोलते." शेजारच्या दीदीचा मेंदीचा निघाला. मला रागच आला. घरात काय चाललंय आणि या माणसाला केसात खोड काढायची आहे!

"मग बंदच ठेवा डबा," मी म्हणाले.

"हव. बंदच ठेवतो."

मागच्या आठवड्यात मी परात घेऊन जिन्यावर पाय ठेवला आणि खालून आवाज आला, "काहून निघाली? थांब."

मी तशीच खाली धावले. ओसरीवर नवा डबा होता, काडेपेटीएवढा. त्यावरची, जवळच्या उरला भागातल्या कारखान्यांची धूळ काका फुंकून राहिले होते. काटा हलत होता.

"एवढासा काहून, काका?"

"केसच एवढासा आहे. लांब व्हाची वाट कोण पाहत बसते?"

दारात काकू उभ्या होत्या. डोक्याला रुमाल नव्हता. बोटभर पांढरे केस, मस्त उभे राहिलेले.

"रिपोर्ट साफ आला," त्या म्हणाल्या. "घरी आल्या आल्या यांनी माझा केस उपटला. मले चहाबी विचारला नाही."

काका डब्यावरून मान वर करेनात.

"आज हवा लय ओली आहे," ते म्हणाले.

बाहेर ऊन कडक होतं. मी परात घरात नेऊन ठेवली.