घोरपडेकाकांची थ्री-नॉट-थ्री

लंडनजवळ मेडनहेडला आमच्या शेजारी राहणारे घोरपडेकाका आपल्या रायफलला 'अहो' म्हणतात. "वयानं थोरल्या आहेत त्या," असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या महायुद्धातली, आर्मीनं मोडीत काढलेली ही थ्री-नॉट-थ्री. काकांकडे लायसन्स आहे, भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट आहे आणि दर रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जायचा नेम आहे.

मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आले, तेव्हा शेजारधर्म म्हणून काकांनी मला रेंजच दाखवली. आजूबाजूला दुर्बिणी लावलेल्या चकचकीत रायफली. काकांच्या रायफलला नेम धरायला नुसता लोखंडी खुंट. एक गोरा हसून म्हणाला, "डझ दॅट थिंग स्टिल वर्क?" काका पालथे झोपले आणि दोनशे यार्डांवरच्या कागदावर दहा गोळ्या घातल्या. सगळी भोकं एका बशीखाली झाकली गेली असती. तो गोरा स्वतःहून चहा घेऊन आला. अभिमानानं माझा ऊर भरून आला, जणू मीच बार काढले होते.

"बंदूक चुकत नाही, माणूस चुकतो," काका म्हणाले. हे त्यांचं ब्रह्मवाक्य. माझा प्रोग्राम अडला किंवा पोळी करपली, तरी मला तेच ऐकावं लागे.

काकू गेल्या, त्या वर्षी खंडेनवमीच्या पूजेला काकांनी मला बोलावलं. "बोल्ट काढलाय, त्या रिकाम्या आहेत. कर तू निवांत." मी हौसेनं हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, वर मूठभर अक्षता टाकल्या.

"तुझी काकू फक्त दस्त्याला बोटभर कुंकू लावायची," काका म्हणाले. "अक्षता कधीच नाहीत. मी म्हणायचो, देवाधर्मात कसला गं चिक्कूपणा?"

पूजेनंतरच्या रविवारी क्लबची मॅच होती. काकांची पहिली गोळी डावीकडे गेली, दुसरी आणखी डावीकडे, तिसरी कागदाबाहेर. काका शांतपणे उठले. गाडीत म्हणाले, "माझे डोळे गेले. त्यांना आता चांगला माणूस मिळायला हवा. उद्या बंदुकांच्या डीलरला फोन करतो." मला गलबलून आलं. काकूंच्या मागे त्या घरात दुसरं होतं तरी कोण?

घरी आल्यावर शेवटचं तेलपाणी करायचं म्हणून त्यांनी नळीवरचं लाकूड काढलं. आत, नळी आणि लाकडाच्या फटीत, कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक दाणा घट्ट रुतून बसला होता.

शरमेनं माझी मान खाली गेली. "काका, चुकले ते मी."

ते रागावले नाहीत. दाणा तळहातावर घेऊन त्यांनी उजेडात धरला. "नळीला काही टेकलं की नेम ढळतो, हे तुझ्या काकूला ठाऊक होतं," ते म्हणाले. "रविवारी मी साफसफाई करायचो, तेव्हा स्वेटर विणत समोर बसायची. मला वाटायचं, तिचं लक्ष विणण्यात आहे."

डीलरला फोन काही झाला नाही.

पुढच्या रविवारी काकांनी दहा गोळ्या घातल्या. बशीसुद्धा मोठी पडली असती. घरी आल्यावर तो कागद त्यांनी काकूंच्या फोटोपुढे उलगडून धरला. मी चहा ठेवायला आत गेले होते, तरी ऐकू आलंच.

"बघ गं," काका म्हणत होते. "इतकी वर्षं माणूसच चुकला."