हमामच्या हंड्याची कल्हई

मोरोक्कोतल्या तेतुआन शहरातल्या जुन्या हमामचा, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराचा, तांब्याचा हंडा गळू लागला, तेव्हा मालकाच्या सुनेने, शामाने, छातीठोकपणे सांगितलं की रविवारी काम सुरू, बुधवारी खलास. टँजियरला प्रकल्प व्यवस्थापनाचा वर्ग करून आल्यापासून ती लिंबाचं लोणचं घालायलाही तक्ता आखायची.

बायकांची बाजू तीस वर्षं सांभाळणाऱ्या लाल्ला फत्तूमला तिने समजावलं, "रोज पाणी तापवणं हे चालू काम, त्याला शेवट नसतो. हंड्याला ठिगळ लावून कल्हई करणं हा प्रकल्प. एकदाच करायचा आणि संपवायचा."

आपल्या कामाला शेवट नाही हे फत्तूमला वर्ग न करताही ठाऊक होतं. गुरुवारी अत्तारांच्या मुलीचं लग्नाआधीचं न्हाण आहे, चाळीस बायका येतील, एवढीच आठवण तिने करून दिली. शामाने तेही लाल शाईने टिपलं.

तक्त्यात तांबट होता, गवंडी होता, त्यांचा चहासुद्धा होता. नव्हता तो फक्त बा हम्मू. हा म्हातारा बावीस वर्षं रोज सकाळी हंड्याखाली जाळ करत आलेला. त्याचं काम चालू काम, म्हणून शामाने त्याला वगळलं. आणि थांब असं कुणी म्हटलं नाही, म्हणून तो थांबला नाही.

सोमवारी तांबट इद्रिस रिकाम्या हंड्यात उतरून क्षार खरवडत होता. तळ कोमट लागला तेव्हा त्याला वाटलं, थंडी आहे म्हणून मालकांनी सोय केली. भली माणसं दिसतात. थोड्या वेळाने तो एका पायावर उभा राहिला, मग दुसऱ्या. आणि मग जो बाहेर पडला तो एकाच चपलेनिशी थेट घरी. शामा मागोमाग धावली. त्याने दाराआडूनच सुनावलं, "मी कल्हई करायला आलो होतो, शिजायला नाही."

त्याची मनधरणी करण्यात दोन दिवस गेले. आता हंडा रविवारशिवाय होणार नव्हता. न्हाण पुढे ढकला, असा निरोप शामा रडवेल्या चेहऱ्याने धाडायला निघाली, तर फत्तूमने तिला दारातच अडवलं.

"आणि शुक्रवारचं लग्न? तेही ढकलतेस?"

फत्तूम शेजारच्या पावाच्या भट्टीवर गेली आणि तिथे पातेली चढवून आली. गुरुवारी भट्टीपासून हमामपर्यंत चाळीस जणींची रांग लागली. गाणी म्हणत बादल्या या हातातून त्या हातात गेल्या. जन्मात बादली न उचललेल्या नवरीच्या आत्याबाईही चिंब भिजल्या. नवरी हसून हसून दमली.

रविवारी हंडा झाला. प्रकल्प संपला, म्हणून शामाने सगळ्यांना पुदिन्याचा चहा पाजला.

सोमवारी कातडेवाल्याची बायको दारात हजर. तिच्या मुलीचं न्हाण होतं. नव्या कल्हईच्या हंड्यातलं कढत पाणी तयार आहे, असं शामाने अभिमानाने सांगताच तिचं तोंड उतरलं. तिला भट्टीपासूनची रांगच हवी होती. तिच्यामागे आणखी दोघी उभ्या होत्या, त्यांनाही.

आता दर गुरुवारी रांग लागते. पावाच्या भट्टीवर एवढं पाणी तापत नाही, म्हणून हमामातलंच तापलेलं पाणी आधी गुपचूप मागच्या दाराने तिथे न्यावं लागतं. शामा आणि बा हम्मू दोघं ते वाहतात. परवा वाटेत त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "सूनबाई, हे चालू काम की प्रकल्प?"

"बादली धरा," शामा म्हणाली.