तिसऱ्या रांगेतली कोरी जागा

बोरखळच्या तांबट आळीत माणसे वजनाच्या चढत्या क्रमाने जेवायला बसतात आणि दर आठव्या माणसाचा स्वभाव पहिल्यावर जातो. सात माणसे झाली की नवी रांग धरतात; त्यामुळे चिडक्यामागे चिडका, हळव्यामागे हळवा अशा उभ्या ओळी आपोआप जमतात. शाळेच्या भिंतीवरचा मूलद्रव्यांचा जुना तक्ता याच रीतीने मांडलेला आहे, पण आळीला त्याचे नवल नाही. अणूंना जे जमते ते माणसांना का जमू नये, एवढेच तेथे म्हणतात. आळीत एकदा नोंदलेले वजन पुढे बदलत नाही. श्रीखंडाचाही त्यावर उपाय चालत नाही.

कालिंदी खेडेकर या आळीत आली ती एका पंगतीच्या दिवशी, दुपारी. तिचे गाव धरणाखाली गेले होते. त्यानंतर सहा गावे झाली. कोणी वाईट वागवले नव्हते. मात्र सगळीकडे तिला आपण दुसऱ्याच्या पाटावर बसलो आहोत असे वाटे. इथे राहता येईल का, एवढेच तिला विचारायचे होते.

पंगतीची मांडणी पाहणारे भिकाजीअण्णा म्हणाले, "मांडणीबाहेर आम्ही कोणाला ठेवत नाही, बाई. जागा जुळली तर घर मिळेल. नाही जुळली, तर चारची एसटी आहे."

तिसऱ्या रांगेत एक पाट अठ्ठावीस वर्षे रिकामा होता. वजनाने तेथे दामूअण्णांचा क्रम लागत असे, पण हळव्यांच्या ओळीत ते चिडके निघाले. तेव्हा त्यांना एक घर पुढे सरकवले आणि येणाऱ्या माणसासाठी जागा कोरी ठेवली. भिकाजीअण्णांनी त्या जागेची वहीतली नोंद वाचली, "वजन अठ्ठेचाळीस किलो. आवाज बारीक. शिवणकामात हात बसलेला. वरून कठीण, मायेने बोलले की विरघळेल. येईल तेव्हा भुकेली असेल."

"हे कोणी लिहिले?" कालिंदीने बारीक आवाजात विचारले.

"आमच्या वडिलांनी. उभ्या ओळीत पुढच्या साळूआत्या एक्केचाळीस, मागचे जनूभाऊ पंचावन्न. दोघांचे मधले काढले."

"मला न बघता?"

"बघून कोणीही लिहील, बाई."

तांब्याची भांडी तोलायच्या काट्यावर ती उभी राहिली. काटा एक्कावन्नावर थांबला.

"झाले! ही माझ्याही पुढे," एकोणपन्नास किलोंचे दामूअण्णा गरजले. "उगाच भात निवतोय."

"दाम्या, तुला चिडायला स्वतंत्र ओळ दिली आहे ना? तिथे चीड," साळूआत्या म्हणाल्या.

कालिंदीने एसटीच्या रस्त्याकडे पाहिले. भिकाजीअण्णांनी वही पुन्हा वाचली, काटा तपासला, आणि शांतपणे म्हणाले, "नोंद बरोबर आहे. वजन चुकले आहे. ताई, काखेतले गाठोडे खाली ठेवा."

गाठोडे काखेत आहे हे तिच्या ध्यानातच नव्हते. सहा गावांत तिने ते कधी पुरते सोडले नव्हते. जेवतानाही ते मांडीवर असे. तिने ते जमिनीवर ठेवले. आत कात्री वाजली. काटा अठ्ठेचाळिसावर आला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाट मात्र पुसून दिला. ती बसली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "अण्णा, तुमचे उपकार मी कसे फेडू?"

"उपकार कसले? जागा तुमचीच होती. आम्ही फक्त दुसऱ्या कोणाला बसू दिले नाही."

कालिंदीचे डोळे भरून आले. तिने डाव्या हाताने पदर डोळ्यांना लावला. त्याच वेळी पुढे साळूआत्यांनी, त्यांच्याही पुढच्या पहिल्या रांगेतल्या माणसाने, मागे जनूभाऊंनी आणि जनूभाऊंच्या मागे बसलेल्या दोघांनी डाव्याच हाताने डोळे पुसले. अशा वेळी त्या ओळीला वाढायची घाई करू नये, असा आळीत नियम आहे. वाढपी वरणाचे भांडे घेऊन थांबून राहिला.