इंदूआत्या घर बघते

कुठलीही जागा बघायला गेली की माझी इंदूआत्या आधी बाथरूममध्ये शिरते, आतून कडी लावते आणि ओरडते, "दिल्या, ऐकू येतंय का?"

मी बाहेर उभा राहून ओरडायचं, "येतंय!" साठी उलटलेला, टकलू गृहस्थ बंद दाराशी बोलतोय हे बघून बाजूला उभा असलेला ब्रोकर हळूच फोनमध्ये डोकं घालतो. मग आतून दुसरा प्रश्न येतो, "आणि शेजाऱ्यांना?" आता ते मला कसं कळणार? कडी निघते आणि आत्या निकाल देते, "नापास." हा निकाल जागेचा की माझा, ते विचारायची हिंमत मी अजून केलेली नाही.

तिचं म्हणणं साधं होतं. "पडले तर हाक कुणाला तरी ऐकू गेली पाहिजे. मागच्या वेळी नाही गेली."

मागच्या वेळी म्हणजे अंबरनाथच्या भाड्याच्या खोलीत ती घसरली तेव्हा. खुबा मोडला. आत्यानं लग्न केलेलं नाही. उमेदीची सगळी वर्षं एमआयडीसीतल्या एका कंपनीचं कँटीन सांभाळण्यात गेली. ऑपरेशननंतर ती आपणहून बदलापूरजवळच्या एका वृद्धाश्रमात दाखल झाली, "चालता येईपर्यंत." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मनात त्याचं "कायमची" असं भाषांतर करून घेतलं. त्यामुळे काठी टेकत चालायला लागल्यावर ती "चला, मी निघते" म्हणाली, तेव्हा मोठाच धक्का बसला.

तिचं मन वळवायला घरच्यांनी मला पाठवलं. का, ते देव जाणे. मला आजवर कोथिंबीरवाल्याचंही मन वळवता आलेलं नाही. मी समजवायला गेलो आणि तिच्यासाठी जागा शोधायचं कबूल करून परत आलो. बायको म्हणाली, "वाटलंच होतं." आमच्या घरात हे वाक्य माझ्या आडनावासारखं वापरतात.

आश्रमात आत्याच्या खोलीत दुसरा पलंग लाजवंतीबाईंचा. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये त्यांच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं. फाळणीत आईबाप तिकडेच राहिले, काकानं इकडे आणून वाढवलं, लवकर लग्न लावून दिलं. ही हकीकत त्या रोज सांगत, आणि आत्या रोज तोंडावर चादर ओढून म्हणे, "कल सुना!"

"दिल्या, मला हिच्या बडबडीपासून सोडव," आत्या म्हणायची.

"तेरी बुआ बहोत अच्छी है," लाजवंतीबाई मला सांगायच्या.

आम्ही जागा बघत हिंडलो. सोनिवलीला नव्या टॉवरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये सेल्सवाली म्हणाली, "आजी, इथून डोंगर दिसतो."

"मी पडले तर डोंगर येणार आहे का उचलायला?" नापास. इतर ठिकाणी मालकच आम्हाला नापास करत. "एकट्या म्हाताऱ्या बाईला नाही देत हो. उद्या काही झालं तर?" बाहेर पडल्यावर आत्या काठी आपटत पुढे चालायला लागायची. मला तेव्हा काहीतरी धीराचं बोलावंसं वाटे, पण तोंडातून निघे, "आत्या, वडापाव खाणार?"

शेवटी आश्रमाच्या मॅनेजरनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. तिला सोडायला जबाबदार नातेवाईक म्हणून माझी संमती हवी होती. जबाबदार हे विशेषण मला पहिल्यांदाच लागत होतं. मी नवा शर्ट घालून गेलो.

"आजी, गॅस चालू राहिला तर?" मॅनेजर म्हणाले.

"आजी कुणाची?" आत्यानं माझ्याकडे काठी रोखली. "ह्यानं गेल्या आठवड्यात दुधाचं पातेलं जाळलं. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं आणि बायको येईस्तोवर बनियनवर जिन्यात बसला. ह्याला ठेवताय का आश्रमात?"

मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जरा विचार होता. मी पोट आत घेऊन शक्य तितका तरुण दिसायचा प्रयत्न केला.

"पण काही झालं तर?"

"इथेही होईलच की. यमाला गेटवर वॉचमन अडवतो की काय?" मग तिचा आवाज खाली आला. "तुमचं काही चुकत नाही हो. जेवण वेळेवर, औषध वेळेवर. पण जन्मभर मी दुसऱ्यांना वाढलं. इथे कुणी आलं तर 'जेवून जा' म्हणता येत नाही मला."

मी संमती दिली. माझा आवाज चिरकला, पण दिली.

जागा अखेर अंबरनाथलाच मिळाली, तळमजल्यावर. घरमालक कदमांनी दार उघडलं आणि बघतच राहिले. "बाई, तुम्ही?" सेकंड शिफ्टला ते तिच्या कँटीनमध्ये जेवायचे. आत्या बाथरूममध्ये गेली, कडी लावली, हाक मारली. मी तोंड उघडायच्या आत भिंतीपलीकडून कदमांच्या बायकोनं "ओ!" दिली.

"पास," आत्या आतूनच म्हणाली.

सामान लागल्यावर मला वाटलं, सुटलो. पण पहिल्याच रविवारी फोन आला. "लाजोला घेऊन ये. दिवसभरासाठी. मॅनेजरला विचारलंय मी."

"तिच्याच बडबडीपासून सुटायचं होतं ना तुला?"

"तुला सांगितलं तेवढं कर."

आत्यानं साईभाजी, म्हणजे सिंध्यांची पालक-डाळ, केली होती. कदमांच्या बायकोच्या मोबाईलवर बघून. लाजवंतीबाईंनी घास घेतला आणि म्हणाल्या, "नमक कम है." कँटीनमध्ये असं बोलणाऱ्याला आत्यानं ताटावरून उठवलं असतं. ती गुपचूप मीठ घेऊन आली. दुपारभर लाजवंतीबाईंनी तीच हकीकत सांगितली, आईबाप तिकडेच राहिल्याची. आत्यानं चादर ओढली नाही. "फिर?" विचारत राहिली.

निघताना आत्यानं नारळ, तांदूळ आणि खणाचं कापड काढलं. मी कानाशी लागलो, "आत्या, अगं त्या विधवा आहेत. आणि तू..."

"माहेरून निघताना लेकीची ओटी भरतात. बाकीचं मला शिकवू नकोस."

लेक आईपेक्षा चांगली सहा वर्षांनी मोठी होती. तिला काय करायचं ते कळेना; आत्यानंच तिची ओढणी पसरली आणि सगळं ओटीत घातलं. लाजवंतीबाईंना गप्प बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

रिक्षात त्यांनी ओढणी दोन्ही हातांनी मांडीवर गच्च धरली होती. नारळ पडू नये म्हणून मी तो घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी झटकला. मग पुढे वाकून, रिक्षावाल्यानं काही विचारलेलं नसताना, त्याला म्हणाल्या, "भैया, आराम से चलाना. मायके से आ रही हूँ."